‘अनुकरण’, ‘अध्ययन’ आणि ‘येणे’

विचारणा: मानसशास्त्राच्या भाषांतरात ‘निरीक्षणात्मक अध्ययन’ हा शब्द सारखा येतो आहे. दुसऱ्याचे पाहून शिकणे एवढाच अर्थ असेल तर सुटसुटीत ‘अनुकरण’ का नको? शिवाय ‘अध्ययन’ म्हटले की ग्रंथ उघडून बसलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो.

प्रतिसाद: ताई, ‘अनुकरण’ नको. अनुकरण ही कृती आहे, ती दिसते. शिकणे दिसेलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांचा १९६५चा प्रयोग पाहा. मोठा माणूस बाहुल्याला बडवतो आहे, अशी चित्रफीत मुलांना दाखवली. काहींच्या फितीत शेवटी त्याला शिक्षा होते, काहींच्या फितीत बक्षीस मिळते, काहींच्या फितीत काहीच घडत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय केले ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर तिन्ही गटांतला फरक पुसला गेला. म्हणजे शिक्षा पाहिलेल्यांनाही ते येत होते!

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण इथे नेमकी लागू पडते. मागचा पुढच्याचे अनुकरण करत नाही, उलट तो दगड टाळतो. तरी शहाणा होतोच.

विचारणा: म्हण पटली. मग ‘अध्ययन’ काढून सरळ ‘शिकणे’ लिहू?

दुसरा प्रतिसाद: वाक्यात जरूर लिहा, संज्ञा म्हणून ‘अध्ययन’ राहू द्या, ती रुळली आहे. मला मात्र वरच्या उत्तरातले ‘येत होते’ फार मोलाचे वाटते. ‘तिला पोहता येते’ हे वाक्य ती खुर्चीत बसलेली असतानाही खरे असते. टोलमन आणि होन्झिक यांनी १९३० साली उंदरांचा एक गट दहा दिवस चक्रव्यूहात नुसता फिरू दिला, खाद्य नाही. अकराव्या दिवसापासून शेवटच्या टोकाशी खाद्य ठेवले, आणि लगेच चुका एकदम घटल्या. वाट आधीच येत होती, जाण्याला कारण नव्हते. याला ‘सुप्त अध्ययन’ म्हणतात. पुढे १९४८मध्ये टोलमन यांनी डोक्यातल्या नकाशाची कल्पना मांडली, तो ‘बोधात्मक नकाशा’.

तिसरा प्रतिसाद: पाहणे झाले, विचार झाला, शरीर राहिले. त्यासाठी मराठीत ‘बसणे’ आहे. भीती बसते, शिसारी बसते. ती कोणी शिकायला जात नाही.

गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६मध्ये उंदरांना गोड पाणी दिले. पिताना दिवा लागे आणि आवाजही होई. नंतर काहींना मळमळ होईल असे केले, काहींना विजेचा झटका दिला. मळमळलेल्यांनी गोड चव टाळली. झटका बसलेल्यांनी दिवा आणि आवाज टाळले, चव नाही. कशाचा संबंध कशाशी लवकर जुळेल, याचा कल शरीरातच असतो. म्हणून ‘कोणत्याही उद्दीपकाशी (म्हणजे चव, उजेड, आवाज अशा जाणवणाऱ्या गोष्टीशी) कोणतीही प्रतिक्रिया जोडता येते’ असे वाक्य भाषांतरात आले, तर मूळ मजकूर पुन्हा तपासा.

विचारणा: तपासते. ‘अनुकरण’ आता फक्त प्रत्यक्ष केलेल्या नकलेसाठी ठेवते. चवीच्या प्रकरणात ‘चव-विमुखता’ लिहिले होते, तिथे ‘चवीची शिसारी’ करते.

तिसरा प्रतिसाद: शीर्षकात ‘विमुखता’ राहिली तरी हरकत नाही, पण मजकुरात शिसारीच हवी.