मध्यमवयाला आपण नेमकं काय म्हणतो?

'मध्यमवयीन' हा शब्द लिहिताना मी हमखास अडखळते. तो बातमीत शोभतो, 'एक मध्यमवयीन इसम' वगैरे. पण स्वतःबद्दल 'मी आता मध्यमवयीन झाले' असं कुणी म्हणताना ऐकलंय? त्याऐवजी 'प्रौढ' चालेल का?

– नाही चालणार. प्रौढ मताधिकारातला प्रौढ अठरा वर्षांचाही असतो. प्र + ऊढ, मुळात वह् धातू. अर्थ पूर्ण वाढ झालेला. 'प्रौढ गृहस्थ' म्हटलं की मात्र पन्नाशीचा माणूस उभा राहतो. एकाच शब्दावर दोन वयं लादलीत. (शिवाय प्रौढी मिरवणारे कुठल्याही वयात भेटतात.)

– मग 'पोक्त'?

– तो फारसी 'पुख्ता'वरून आला: पिकलेला, पक्का. पण पोक्तपणा वयापेक्षा विचारांना जास्त चिकटतो. बारा वर्षांची मुलगी पोक्त असू शकते, आणि पन्नाशीतल्या सगळ्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

– अहो, 'चाळिशी' असताना एवढी शोधाशोध कशाला? वयही तेच आणि वाचायचा चष्माही तोच. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं वाचायला कागद लांब धरावा लागतो. 'चाळिशी लागली' यात दोन्ही आलं. 'मी चाळिशी विसरले' यातलं नक्की काय विसरलं, ते समोरच्यानं ठरवायचं.

– म्हणजे जवळचं दिसेनासं होतं आणि दूरचं...

– कृपया, यावर तत्त्वज्ञान नको!

– मला तर नामापेक्षा क्रियापदांत जास्त गंमत वाटते. चाळिशी 'गाठली' म्हटलं की मजल मारल्यासारखं वाटतं. 'उलटली' म्हटलं की मागोमाग 'तरी' येणारच: चाळिशी उलटली तरी अजून घर नाही, तरी अजून हौस फिटली नाही. 'पन्नाशीला टेकले' म्हणजे अजून थोडी बाकी आहे, आणि ती बाकी सांगणाऱ्याला महत्त्वाची वाटते. या वयाची कुरकुर त्या 'तरी'मध्ये आहे.

– त्या कुरकुरीला हल्ली 'मिडलाइफ क्रायसिस' म्हणतात. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाच्या १९६५ सालच्या निबंधामुळे तो शब्दप्रयोग रुळला. त्यानं तो टप्पा साधारण पस्तिशीचा मानला होता. आज पस्तिशीतल्या कुणाला मध्यमवयीन म्हणून बघा!

– तात्पर्य, औपचारिक मजकुरात 'मध्यमवयीन' ठेवा. एरवी 'चाळिशी-पन्नाशीतली माणसं'. दोन शब्द जास्त लागतात, पण कुणी रागावत नाही.