जुनेर, पिशव्या आणि घरचे लोक : तुमचे अनुभव सांगा

पैठणीच्या बटव्यांचे आणि खणाच्या पर्सचे सजवून काढलेले फोटो बघून कंटाळा आला, म्हणून हा धागा. इथे रोजचं सांगायचं. घरी शिवलेली पिशवी घेऊन मंडईत गेलात, आईची जुनी साडी नेसून ऑफिसला गेलात, आजोबांचा कोट लेकाने कॉलेजात घातला, तर पुढे काय झालं? घरचे काय बोलले? काय टिकलं, काय दुसऱ्याच धुण्यात गेलं? मापं दिलीत तर उत्तम, नाही दिलीत तरी चालेल.

माझं आधी सांगते.

पुण्याहून

आमच्या घरात कापडाला निवृत्ती नाही. सासूबाईंच्या हिशेबात लुगडं विरलं की जुनेर. जुनेराची गोधडी नाहीतर नातवंडांची दुपटी, दुपट्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. अधेमधे जे जाडजूड सापडेल त्याची पिशवी.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळेला पाच हजार. सोसायटीत सगळ्यांची पिशव्यांसाठी फोनाफोनी चाललेली, आणि सासूबाईंनी दिवाणातून गाठोडं काढून जिन्यातच वाटप सुरू केलं. सोफ्याच्या कव्हरांच्या पिशव्या, सासऱ्यांच्या पायजम्यांच्या पिशव्या, एक तर चक्क पडद्याची, वरच्या कड्यांसकट. ती पडद्याची अजून वापरात आहे. कड्यांमुळे स्कूटरच्या हुकाला अशी पक्की अडकते की गतिरोधकावरसुद्धा टोमॅटो जागचे हलत नाहीत. नवरा पिशव्यांना नावं ठेवत नाही, पण दारातून ‘फुलाफुलांची नको, ती चौकड्यांची दे’ हे ठरलेलं.

कपड्यांचं म्हणाल तर आईच्या दोन खटाव व्हॉइल, म्हणजे खटाव मिलच्या पातळ सुती साड्या, मी उन्हाळाभर नेसते. मे महिन्यात त्याहून सुखाचं काही नाही. एकच सांगते, जुन्या व्हॉइलला सेफ्टी पिन थेट लावायची नाही. खांद्यावर पदराच्या आतून बोटभर सुती पट्टी ठेवायची आणि पिन तिच्यातून घ्यायची, म्हणजे ओढ पट्टीवर येते, साडीला भोक मोठं होत नाही. ऑफिसात एकीने ‘कुठून मागवलीस?’ विचारलं. आईच्या ट्रंकेतून म्हटल्यावर तिचा उत्साह मावळला, लिंक मिळणार नव्हती ना.

सोलापूरहून

मी निवृत्त शिक्षिका. दंड घालणं किती जणींना माहीत आहे? साडी सगळीकडून सारखी विरत नाही. बसण्या-उठण्याचा भाग आधी जातो, पदर आणि काठ धडधाकट राहतात. विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले तुकडे आडवे जोडायचे आणि ती शिवण निऱ्यांत जाईल अशा बेताने नेसायचं. कधी दोन साड्यांतलं चांगलं-चांगलं घेऊन एक व्हायची. आमची आई दंडाचं लुगडं घरात आणि शेतात नेसायची, हळदीकुंकवाला कधीच नाही. चार बायका निऱ्यांकडेच बघतात, म्हणायची.

आता इरकलीबद्दल, कारण तिच्या पिशव्यांची फार टूम निघाली आहे. इरकलीचा पदर रेशमी असतो आणि अंग सुती, आणि विणतानाच दोन्हींचे ताणे एकमेकांत अडकवून जोड घेतलेला असतो. त्या जोडावर कात्री चालवू नका, सगळं सुटत येतं. पदर वापरायचा तर जोडापासून चार बोटं आत या, आधी मशीनवर टीप मारा आणि मग कापा. रेशमी भागाला मागून मांजरपाटाचं अस्तर हवंच, नाहीतर वजन पडलं की कापड चिरतं. माझ्या सुनेने हैदराबादेत अशा पदराची लॅपटॉपची पिशवी शिवून घेतली. मला विचारून कापला. विचारलं नसतं तर मी आज वेगळ्याच सुरात लिहीत असते.

डोंबिवलीहून

मी पुरुष आहे आणि घरात मशीनवर मीच बसतो, हे आधी सांगून टाकतो.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, आणि तो मिटल्याचं रीतसर कोणी कधी जाहीर केलंच नाही. आईने हप्त्यावर पायाची मशीन घेतली. चाळीतल्यांचे परकर, अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवायची. उरलेल्या तुकड्यांची आम्हा भावंडांना दप्तरं. एका दप्तरात चाळीतली निम्मी बिऱ्हाडं ओळखू यायची, ही जोशीकाकूंची खोळ, हा मधल्या खोलीतल्या आत्याचा परकर. वर्गात बाकीच्यांकडे विकतची दप्तरं, त्यामुळे मी माझं बाकाखाली पायांत धरून बसायचो.

आता माझी लेक मोबाइलवर तसलीच तुकड्यांची बॅग दाखवते, किंमत दीड हजारच्या पुढे, आणि म्हणते, ‘बाबा, पॅचवर्क आहे, घेऊ?’ म्हटलं थांब. आईची मशीन माळ्यावरून उतरवली, चामड्याचा पट्टा नवा घातला, शटलमधली धाग्यांची लोळी चिमट्याने काढली, तेल दिलं. आईचे डोळे आता साथ देत नाहीत. पण ती शेजारी खुर्ची टाकून बसते आणि नुसत्या आवाजावरून सांगते, ‘वरचा दोरा ताणलाय, सैल कर.’ प्रत्येक वेळी बरोबर असतं.

लोकलने जाणाऱ्यांसाठी माझा अनुभव: खांद्याची पिशवी शिवताना पट्टा इतका लांब ठेवा की गर्दीत ती पुढे पोटावर घेता येईल, आणि चेनचा कप्पा अंगाच्या बाजूला, आत. बाहेरचा कप्पा चोरासाठी. आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये आता बऱ्याच जणांच्या खांद्यावर माझ्याच पिशव्या आहेत. पैसे घेत नाही, जुनी पँट आणून द्यायची एवढीच अट.

कोल्हापूरहून

आमच्याकडं पिशवी शिवायचा प्रश्नच न्हाई, पिशवी परत यायचा प्रश्न हाय. गूळ, काकवी, शेंगा घालून पाव्हण्यांच्या गाडीत जेवढ्या गेल्या, त्यातली एक घरी आली असंल तर शपथ. वहिनी आता पिशवीवर नाव भरून घालत्यात. पाव्हणं नावासकट ठेवून घेत्यात.

लातूरहून

वरचं सगळं वाचलं, आवडलंही. पण दुसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. आम्ही त्या घरांतले उतरलेले कपडे घालून वाढलो. दिवाळीला नवं असायचं, पण ‘नवं’ म्हणजे आमच्यासाठी नवं. सातवीत वर्गातल्या एका मुलाने माझ्या शर्टाची आतून बदललेली कॉलर ओळखली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना दाखवली. नोकरी लागल्यापासून मी एकही वापरलेला कपडा अंगाला लावलेला नाही. किमतीची चिठ्ठी घरी येऊन स्वतः कापतो. त्यात काय आनंद आहे ते ज्याला कळतं त्याला कळतं.

बायको पुण्याच्या जुन्या बाजारातून डेनिमचं जाकीट आणते, धुते आणि ऐटीत घालते. तिला ते हसत घालता येतं, कारण तिला कधी घालावं लागलं नव्हतं. यावरून आमचं वाजलेलं आहे. शेवटी आईला मध्ये घेतलं, मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. तर आई म्हणाली, ‘मला त्या बायांच्या साड्या लई आवडायच्या. कापड चांगलं असायचं.’ आता काय बोलणार?

घरच्या पिशव्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलीचा डबा बायकोने शिवलेल्या पिशवीतूनच जातो.

पुण्याहून

लातूरचे दादा, लिहिलंत ते बरं केलंत. बोहारणीला पाच साड्या देऊन एका पातेल्यासाठी घासाघीस करणारे आम्ही. त्या साड्या पुढे कुठल्या बाजारात आणि कोणाच्या अंगावर जातात ते विचारलेलंसुद्धा नाही.

सातारहून

माझा शिंपीकाम हाच धंदा, वडिलांपासूनचा. जुनं कापड घेऊन ताई येतात तेव्हा मी आधी खिडकीशी धरून बघतो. उजेड दिसला तर ते कापड विरलंय. मग दोन अंगठ्यांत धरून हलकंच ताणतो, आधी उभं, मग आडवं. फर्र आवाज आला की सांगतो, ताई, याची फक्त गोधडी. लोकांना वाईट वाटतं, पण शिलाई घेऊन दोन महिन्यांत फाटलेलं परत आलेलं मला चालत नाही. टेरिकॉटचे सफारी मात्र माणसाआधी जात नाहीत. घाम येतो, कापड जसंच्या तसं. त्याच्या बाजारच्या पिशव्या झकास होतात.

आता पिशवी. बहुतेक घरगुती पिशव्या फाटतात त्या बंदापाशी, कारण बंद वरच्या काठाला दोन टिपांत लावलेला असतो आणि पाच किलोचा भार त्या दोन टिपांवर येतो. बंद तुटका लावूच नका. एका बाजूने वर न्या, खाली तळाखालून घ्या आणि दुसऱ्या बाजूने वर काढा, सलग. मग बटाटे बंदावर बसतात, कापड नुसतं आडोसा धरतं. जिथे बंद वरच्या काठातून बाहेर पडतो तिथे चौकोनी टीप, आणि चौकोनात फुली.

तळ पसरट हवा असेल तर पिशवी उलटी करून खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे धरा, टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारा. पिशवी जमिनीवर उभी राहते, डबा आडवा होत नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाडाला १६, जीन्सला १८. जीन्सच्या शिवणीवर शिवण आली की पॅडलवरून पाय काढून घ्या आणि चाक हाताने फिरवा. तिथे जोर केला की सुई तुटून डोळ्याकडे उडते.

इंग्लंडमधल्या रेडिंगहून

इथे ऑक्सफॅमसारख्या संस्थांची दुकानं गावोगावच्या बाजाररस्त्यावर असतात. लोक वापरलेले कपडे देणगी म्हणून आणून देतात, ते विकून पैसा मदतकार्याला जातो. माझा लोकरीचा करडा कोट तिथला. अस्तर साटीनचं, आत शिंप्याची चिठ्ठी, बटणं शिंगाची.

नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न, ‘कोणाचा होता?’ म्हटलं माहीत नाही. ‘म्हणजे गेलेल्या माणसाचा असेल.’ मग उन्हात ठेव, मिठाच्या पाण्याने पूस, देवापुढे ठेव, अशी यादी. इथे ऊन कुठलं! पुढे जानेवारीत आई इकडे आली. पहिल्या दिवशी स्वेटरवर स्वेटर घालून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून परत फिरली. ‘तो तुझा मेलेल्याचा कोट दे इकडे,’ म्हणाली. मुक्काम संपेपर्यंत मी जाकिटावर निभावलं.

मडगावहून

आमच्या गोव्यातल्या कुणबी साडीचं बघा. तांबड्या चौकटीची, जाड सुताची, गुडघ्याच्या जरा खाली, खांद्यावर गाठ. शेतात कामाला वाकताना पदर सावरत बसायला नको, अशी नेसण. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिचं विणकाम पुन्हा सुरू व्हावं म्हणून खटपट केली, आणि मग ती फॅशनच्या मंचावर, नाजूक सुतात दिसायला लागली. छानच झालं. पण आमच्या आजेसासूबाईंच्या साडीची सासूने तांदूळ पाखडून ठेवायची पिशवी केलेली आहे, ती मी कितीदा मागितली तरी देत नाही. ‘तू ती भिंतीला लावशील,’ म्हणते. लावली असती, यात शंका नाही.

नाशिकहून

मी कॉलेजला आहे. आजीची खणाची गाठीची चोळी पांढऱ्या टीशर्टवर, गाठ न मारता, जाकिटासारखी घालते. पहिल्या दिवशी आजी ओरडली, ‘गाठ मार, अर्धवट कपडे घालून कुठं चाललीस?’ मैत्रिणींनी फोटो काढले ते तिला दाखवले. तिने चष्मा लावून नीट बघितले आणि विचारलं, ‘हिच्या बाह्या एवढ्या कशा सैल? माझे दंड भरलेले होते तेव्हा.’ आता दर रविवारी कपाटातून काहीतरी निघतं. गेल्या वेळी तंबाखूची चंची निघाली, पणजोबांची, पाच कप्प्यांची. इअरफोन, चार्जर, बसपास सगळं मावतं. वास अजून येतो, पण घरात सगळ्यांना माहितीये तो कशाचा आहे ते.

नागपूरहून

जुन्या शालूंबद्दल एक सावधगिरी. दारावर ‘जुनी जर घेतो’ म्हणत येणाऱ्यांना घाईने देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो, आणि ती माणसं साडी जाळून चांदी काढतात. आमच्याकडून आजीचा शालू असाच साडीच्या भावाने गेला. आता काठ उरलेल्या दुसऱ्या शालूचे काठ उसवून मी साध्या टसरला लावलेत आणि लग्नाकार्यात नेसते. ठेवताना मलमलीत गुंडाळते, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देत नाही, आणि मधूनमधून घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घालते. रेशीम घडीवरच तुटतं.

डोंबिवलीहून

साताऱ्याचे दादा, सलग बंदासाठी कापड दुमडून चार पदरी करायला फार वेळ जातो. नवार चालेल का, खाटेची?

सातारहून

चालेल काय, तीच वापरा. सुती घ्या, नायलॉनची हाताला कापते. गादीवाल्याकडे मीटरवर मिळते. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकून वाळवा, आटते. तशीच शिवलीत तर पहिल्या धुण्यात बंद आखडतील आणि पिशवीला चुण्या पडतील. आणि तुमच्या मातोश्रींना विचारा, त्यांना हे माझ्याआधीपासून माहीत असणार.