‘आदिकेंद्रकी’तला ‘आदि’ कुठला?

विचारणा : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशींचे दोन प्रकार आहेत, आदिकेंद्रकी (जिवाणूंच्या) आणि दृश्यकेंद्रकी (वनस्पती, प्राण्यांच्या). ‘आदि’ म्हणजे मूळ, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग जिवाणूत मूळचं केंद्रक असायला हवं, पण इथे तर केंद्रक, म्हणजे डीएनए सांभाळणारा पेशीतला गाभा, नसतं म्हणतात! मी निरुत्तर झाले.

प्रतिसाद : मुलीची शंका अगदी रास्त आहे. शब्द फोडला की तोच अर्थ निघतो. १९२५ साली फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी ‘प्रोकॅरिओट’ आणि ‘युकॅरिओट’ ही जोडी वापरली. ग्रीकमध्ये ‘कॅरिऑन’ म्हणजे कवचाच्या आतला गर, ‘प्रो’ म्हणजे अगोदर. तेव्हा ही केंद्रक येण्याअगोदरच्या धाटणीची पेशी. आपल्या ‘आदि’ला ‘आधी’ असं वाचा, लगेच उलगडा होतो. मला स्वतःला ‘प्राक्केंद्रकी’ अधिक नेमका वाटतो, कारण प्रागैतिहासिक म्हणजे इतिहासाच्या आधीचा हे आपल्याला सवयीचं आहे. ‘यु’ म्हणजे खरा, चांगला. ‘दृश्य’ हे त्याचं भाषांतर नव्हे, पण केंद्रक साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं म्हणून तो शब्द खपून जातो.

मुलीला एक मात्र जरूर सांगा. केंद्रक नाही म्हणजे डीएनए नाही, असं नव्हे. जिवाणूतही डीएनए असतो, फक्त त्याभोवती पटल, म्हणजे पातळ आवरण, नसतं; तो पेशीद्रव्यातच एका भागात गोळा झालेला असतो. पेशीपटल, पेशीद्रव्य, डीएनए आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम हे सामान जिवाणूपासून माणसापर्यंत सगळीकडे आहे. पुस्तकं फरकांचा तक्ता आधी देतात आणि हे साम्य मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं.

विचारणा : पण माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. मग ती आदिकेंद्रकी का?

प्रतिसाद : नाही. अस्थिमज्जेत तयार होत असताना तिच्यात केंद्रक असतं. पक्व होताना ती ते बाहेर टाकते, पुढे तंतुकणिका (ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया) आणि रायबोसोमही उरत नाहीत. हिमोग्लोबिनला जागा होते आणि पेशी जेमतेम १२० दिवस टिकते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक कायम असतं. म्हणजे ‘आदिकेंद्रकी’ हे अख्ख्या जीवाच्या घडणीचं नाव आहे. एखाद्या पेशीत आज केंद्रक आहे की नाही, यावर ते ठरत नाही.

विचारणा : पेशीपटल आणि पेशीभित्तिका एकच ना?

प्रतिसाद : एकच नव्हे, आणि ही गल्लत शिकलेली माणसंही करतात. पटल प्रत्येक पेशीला असतं. भित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची ताठ भिंत, वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणूंना असते, प्राण्यांना नसते. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर घेतला की विटांच्या बांधकामासारख्या रेषा दिसतात, त्या भित्तिकांच्या. पटल त्यांना आतून इतकं चिकटलेलं असतं की वेगळं कळतच नाही. आता कडेने दाट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. पाणी बाहेर पडतं, आतला ऐवज आकसतो, पटल भित्तिकेपासून सुटून आत सरकतं. विटेची चौकट जागेवरच, आत मात्र सुरकुतलेली पिशवी. लाल कांद्याच्या रसाळ पाकळीवरचा रंगीत पापुद्रा घेतलात तर रंगामुळे हे फार छान दिसतं.

१६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या आणि त्यांना ‘सेल’ म्हटलं, तेव्हा त्यांना दिसल्या त्याही अशाच भित्तिका. आतला जीव केव्हाच गेलेला होता.

विचारणा : जाता जाता, हिंदीत कोशिका आणि आपल्याकडे पेशी, असं का?

प्रतिसाद : संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ५०० पेशी मोजल्या आहेत, त्या याच अर्थाने. हिंदीने ‘मांसपेशी’त तो अर्थ जपला. आपण मसलला स्नायू म्हणू लागलो आणि ‘पेशी’ सेलसाठी मोकळी झाली. मराठी विश्वकोशात ‘कोशिका’ही सापडेल. फक्त तिला ‘केशिका’ वाचू नका, ती सूक्ष्म रक्तवाहिनी.