डोंगरात मागे राहिलेलं आपलंच सामान : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात रायगडाजवळच्या लिंगाण्याच्या सुळक्याला जाऊन आलो. बोराट्याची नाळ, म्हणजे घळीतली उभी वाट, उतरून खिंडीत पोचलो, तर समोरच्या कातळावर जुने दोर लोंबत होते. लांबून बघून धीर येतो. हात लावला तर एकाचं आवरण उसवून आतले पांढरे धागे बाहेर आलेले, आणि उन्हाने दोर असा कडक झालेला की वळवावा म्हटलं तर वळेना. कुणीतरी नवखा त्यावर भार टाकेल, ही धास्ती अजून जात नाही. सहलीला येणाऱ्यांच्या कचऱ्यावर आपण भरपूर बोललोय. इथे फक्त गिर्यारोहकांच्या सामानाबद्दल लिहू या. काय दिसलं, काय खाली आणलंत, आणि स्वतः काय टाकून आलात तेही.

—

ठाण्याहून

माथ्यावरच्या स्लिंगांबद्दल, म्हणजे दोर ओवायला बांधलेल्या नायलॉनच्या पट्ट्यांबद्दल लिहितो. सुळक्यावरून उतरताना दोर दुहेरी ओवतो आणि खाली आलो की एक टोक ओढून घेतो. दोर आला, तरी ज्यातून तो ओवला ती स्लिंग वरच राहते. पुढची टीम तिच्यावर भरवसा ठेवत नाही, ठेवूही नये, म्हणून नवी बांधते. असा थर साचत जातो. जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगी सुळक्यावर आम्ही गेलो तेव्हा कातळात ठोकलेल्या दोन बोल्टांना मिळून सात स्लिंगा होत्या. सर्वांत खालची कधीकाळी लाल असणार, कारण गाठीच्या आतल्या बाजूला रंग शिल्लक होता. बाकी पार पांढरी. कापताना बोटांना पिठासारखी भुकटी लागली. नायलॉन उन्हाने असं मरतं आणि वरून नेहमी कळतंच असं नाही. सहा कापून खिशात कोंबल्या, एक नवी ठेवली. तेव्हापासून लीड करणाऱ्याच्या, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याच्या, हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) सुरी असतेच.

—

नाशिककडून

मी टाकून आलोय. अंधार पडत आला होता आणि उतरल्यावर दोर ओढताना वर कपारीत अडकला. तिघांनी जोर लावला, हलेना. 40 मीटरचा दोर तसाच सोडून निघालो. त्या वेळी तेच बरोबर होतं, आजही तसंच वाटतं. पण परत जायला मला तीन महिने लागले, ही माझी चूक. मधे एक पावसाळा त्याने खाल्ला. काढला आणि घरी आणून तुकडे केले, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

—

पाचनईहून

मी हरिश्चंद्रगडावर वाटाड्या म्हणून जातो. तंबूचे मोडके बांबू, फाटकी मॅट, गॅसचे रिकामे डबे कोकणकड्याजवळ झुडपात सापडतात. लोक म्हणतात, गावातलं कुणीतरी नेईल. दादा, मोडका बांबू आम्ही काय करणार? भरलेला डबा तुम्हीच पाठीवर आणला होता, रिकामा तर हलका असतो. आमची गुरं वर चरतात, प्लास्टिक खातात. गेल्या साली माझी एक गाय गेली.

—

पुण्याहून

एव्हरेस्ट बेस कँपचा ट्रेक केला, शिखर नाही. तिथे कचरा आवरणारी समिती 1991 पासून आहे, आणि 2014 मध्ये चढणाऱ्याने आठ किलो कचरा खाली आणायचा असा नियम झाला. टीमची 4000 डॉलर अनामतही त्यात अडकायची. तरी वरच्या कँपांवर तंबू आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या राहतात, कारण तिथे थकलेला माणूस स्वतःला खाली आणतो तेच खूप. ते ओझं मग शेर्पा उतरवतात. वाटेतल्या नामचे गावाहून परतताना आम्हीही प्रत्येकी एक किलोची कचऱ्याची पिशवी लुक्ल्यापर्यंत, म्हणजे विमानतळाच्या गावापर्यंत, आणली. सॅकमध्ये ती जाणवतही नव्हती.

—

धागाकर्ता

लिंगाण्याचे दोर पावसाळा संपल्यावर काढायचे ठरवतोय. लीड करणारे दोघे तयार आहेत. कापलेला दोर पायथ्याच्या वाटेवरच्या मोहरी गावापर्यंत वाहून आणायला चार-पाच जण लागतील. ज्यांना चढाई येत नाही त्यांनीही खिंडीपर्यंत यायला हरकत नाही. रिकामी सॅक आणा.