इटालियन नववास्तववाद: सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

सावरी
महायुद्धानंतरचे इटालियन सिनेमे, म्हणजे साध्या माणसांच्या रोजच्या जगण्यावरचे 'नववास्तववादी' सिनेमे, बघायचे आहेत. तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत, रोज एक, दोन तासांच्या आतला. डिस्क घ्यायच्या तर एकूण खर्च १,५०० रुपयांच्या आत. काय घेऊ?

गोदाकाठ
डोळे मिटून 'बायसिकल थीव्ज' (१९४८), ८९ मिनिटं. सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण पडतात. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जातो, कॅमेरा त्याच्यामागे वर सरकतो आणि छतापर्यंत गाठोडीच गाठोडी दिसतात. सगळ्या शहराची बेकारी एका शॉटमध्ये कळते.

जुनी_रीळं
दिग्दर्शक रोसेलिनीची युद्धत्रयी आधी. 'रोम, ओपन सिटी' (१९४५), 'पाइझा' (१९४६), 'जर्मनी, इयर झीरो' (१९४८). सुटे घेऊ नका, संचच घ्या. अडचण एकच: अमेरिकन ब्लू-रे 'ए' विभागाची असते आणि भारत 'सी' विभागात येतो, त्यामुळे इथला साधा प्लेअर ती वाचतच नाही. सर्व विभाग चालवणारा प्लेअर सोबत घ्या. एकदाच खर्च होतो, आयुष्यभर पुरतो.

सावरी
दादा, १,५०० मध्ये संच आणि प्लेअर?

पाचवी_रांग
नववास्तववादाची सुरुवात १९४५ ची नाहीच. दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा 'ओसेसिओने' १९४३ चा आहे, तिथून धरा. बाकी या सिनेमांची खरी ताकद म्हणजे खऱ्या माणसांचे खरे आवाज.

जुनी_रीळं
माणसं खरी, आवाज नव्हेत. 'बायसिकल थीव्ज'चा नायक लांबेर्तो माज्जोरानी कारखान्यातला कामगार होता, पण पडद्यावरचा आवाज दुसऱ्याचा आहे. त्या काळी इटलीत ध्वनी बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरत. म्हणून ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर प्रिंटला दोष देऊ नका. 'ला तेर्रा त्रेमा' (१९४८) हा अपवाद. सिसिलीतल्या आची त्रेझ्झा गावचे कोळी त्यात स्वतःच्या सिसिलियन बोलीत बोलतात, आणि ती इतर इटालियनांना कळेना म्हणून वर निवेदन घातलंय. मात्र लांबी सुमारे १६० मिनिटं.

माजघर
'बायसिकल थीव्ज'च. १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो मुंबईत दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा ज़मीन' आला.

कंदील
सावरीताई, काहीही घ्या, आधी टीव्हीची सेटिंग्ज बघा. चित्र ४:३ किंवा 'ओरिजिनल'वर ठेवा. ताणलंत तर चेहरे पसरतात, झूम केलंत तर डोकी आणि सबटायटल्स कापली जातात. 'मोशन स्मूदिंग' (मधल्या फ्रेम भरून हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. युरोपियन टीव्ही पद्धतीची 'पाल' डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने चालते, त्यामुळे ८९ मिनिटांचा सिनेमा साडेपंच्याऐंशीत संपतो. काही कापलेलं नसतं.
माझं मत 'उंबेर्तो डी' (१९५२). मोलकरणीची सकाळ बघा: भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळायला बसते, बसल्याबसल्या पाय लांबवून दार लोटते. एवढ्या साध्या कामांना इतका वेळ दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

पाचवी_रांग
'बिटर राइस' (१९४९) मात्र टाळा. चोरीचा हार, पिस्तुलं, नाच. हा नववास्तववाद नव्हे.

जुनी_रीळं
सहमत. तो शेवटी बघा.

कंदील
पण भातलावणीचे प्रसंग अस्सल आहेत. काम करताना बोलायला बंदी, म्हणून बायका एकमेकींना जे सांगायचं ते गाण्यातून सांगतात. करार असलेल्या आणि नसलेल्या मजुरणी चिखलात एकमेकींवर तुटून पडतात, तेही बघण्यासारखं आहे.

सावरी
सगळ्यांचे आभार. पहिल्या दिवशी 'बिटर राइस' लावते, दोन तासांच्या आत बसतो. दुसऱ्या दिवशी 'उंबेर्तो डी'. डिस्क घेत नाही, दोन्ही ऑनलाइन भाड्याने बघेन. तिसरी संध्याकाळ अजून ठरली नाही.

गोदाकाठ
तिसरी 'बायसिकल थीव्ज'ला द्या ना!