मदत हवी आहे: शाळेमागच्या गल्लीतले दिवे

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या भागातल्या मनपा शाळेमागचे तीन दिवे दिवाळीपासून बंद आहेत. क्लासहून येणाऱ्या मुली मोबाईलचा टॉर्च लावून, एकमेकींचा हात धरून तेवढा तुकडा पळत पार करतात. बघून जीव तुटतो हो.

आता चार सोसायट्या, गणपती मंडळ आणि बचत गट एकत्र आलोय. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच ७५ टक्के पालक असतात, म्हणून तिचाही ठराव जोडणार आहोत. पुण्यात २००६ पासून नागरिकांना मनपाच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. दिवे आणि शेजारच्या पडीक मैदानाची दुरुस्ती एकाच अर्जात टाकावी की वेगवेगळी? मंडळाचं लेटरहेड चालतं, की रहिवाशांच्या सह्याच लागतात? कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया नमुना पाठवा.