घरी गरम पाण्याचा टब स्वतः बसवावा की कंपनीकडून बसवून घ्यावा? सल्ला हवा आहे (जळगाव)

गिरणाकाठ

नमस्कार. जळगाव शहराच्या कडेला आमचे बैठे घर आहे. मागे परस आहे आणि वर मोकळी गच्ची आहे. वडिलांचे वय ७१ असून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई न करता व्यायाम व शेक चालू ठेवण्यास सांगितले आहे. थंडीच्या दिवसांत अडावदजवळच्या उनपदेवच्या झऱ्यावर स्नान केले की त्यांना बराच आराम वाटतो, परंतु तेथे वरचेवर नेणे जमत नाही. म्हणून घरीच चार माणसांचा अ‍ॅक्रिलिकचा हॉट टब घ्यावा असा विचार आहे. टब साधारण २ मीटर बाय २ मीटर, पाणी १००० लिटर, आणि हीटर ३ किलोवॅटचा आहे.

विक्रेता बसवण्याचे पैसे वेगळे मागतो आणि ती रक्कम लहान नाही. माझा मावसभाऊ घरगुती वायरिंगची कामे करतो आणि आमचा गवंडी जुना, विश्वासाचा आहे. त्यामुळे सगळे काम आपणच करावे असे घरात मत पडले आहे. गच्चीवर आडोसा आहे आणि सोलरची टाकीही तेथेच आहे, म्हणून मला गच्ची सोयीची वाटते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

स्थापत्य_धुळे

गच्चीचा विचार आधी सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो. टबाचे स्वतःचे वजन अडीचशे किलोच्या आसपास धरा आणि चार माणसांचे २८० किलो धरा, म्हणजे ४ चौरस मीटर जागेवर दीड टनाहून अधिक भार येतो. हा भार प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३८० किलो होतो. आपल्याकडे इमारतींचे भार ठरवणाऱ्या आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरला जातो, आणि सामान्य घराची स्लॅब त्याच हिशेबाने बांधलेली असते. स्लॅब पहिल्या दिवशी कोसळणार नाही. ती हळूहळू खाली वाकते, खालच्या बाजूला बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी सळईपर्यंत पोहोचते आणि गंज चढू लागतो. खालच्या खोलीत राहणाऱ्यांना हे दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिवाय पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, आणि टबाला मात्र सपाट बैठक लागते. ती मिळवण्यासाठी कोबा फोडला तर जलरोधाचे काम नव्याने करावे लागेल. ज्यांचे घर जुन्या धाब्याचे आहे, त्यांनी तर वर टब ठेवण्याचा विषयही काढू नये.

परस उत्तम, पण तेथेही जमीन कोणती आहे ते पाहा. तापी-गिरणेच्या पट्ट्यात काळी माती खोलवर असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा देते. अशा मातीवर सरळ काँक्रीट ओतले तर एक-दोन वर्षांत बैठक एका बाजूला कलते, टबाच्या कवचावर पीळ बसतो आणि पाइपांचे सांधे गळू लागतात. काळी माती शक्य तितकी काढून टाकावी, तिच्या जागी मुरूम थराथराने पाणी मारून धुमसावा, त्यावर दगडाची सोलिंग करावी आणि मग जाळी घालून १५० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट करावे. बैठक टबाहून चोहोबाजूंनी फूटभर मोठी ठेवावी. काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे. हे काम आपला गवंडी निश्चित करू शकेल, त्यासाठी कंपनीची गरज नाही. फक्त खड्डा खोदून झाल्यावर एखाद्या स्थापत्य अभियंत्याला प्रत्यक्ष जागा दाखवावी.

तारजोड

मी वीज क्षेत्रातला आहे, म्हणून तेवढ्याच भागाबद्दल लिहितो. मावसभाऊ काम कितीही सफाईने करत असले तरी त्यांच्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, हा पहिला प्रश्न आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे असे नवे वीजकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. याकडे निव्वळ कागदपत्रांची बाब म्हणून पाहू नका. ओल्या शरीराचा विजेला होणारा विरोध फार कमी असतो, आणि टबात बसलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असतो.

३ किलोवॅटचा हीटर एकटाच सुमारे १३ अँपिअर घेतो. त्यात पंप आणि हवेचा ब्लोअर मिळवले की गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालवणे चुकीचे ठरते. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी. टब बंद करण्याचा स्विच टबावरून दिसेल अशा ठिकाणी असावा, मात्र टबात बसलेल्याचा हात तेथे पोहोचता कामा नये. जवळपासचे धातूचे कठडे, पाइप आणि पंपाचे शरीर एकाच अर्थिंगला जोडावे. टबाच्या वरून कोणतीही उघडी तार जात नाही ना, हेही पाहावे.

अर्थिंगबद्दल खानदेशात विशेष काळजी घ्यावी लागते. मार्च ते जून जमीन इतकी कोरडी होते की पावसाळ्यात उत्तम असलेल्या अर्थिंगचा विरोध उन्हाळ्यात पुष्कळ वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि मोजणी उन्हाळ्यातच करून घ्यावी. महावितरणकडचा आपला मंजूर भार किती आहे हे बिलावर छापलेले असते. तो कमी असेल तर आधी वाढवून घ्या. घरातील इन्व्हर्टर या हीटरला चालवू शकणार नाही, त्यामुळे वीज गेल्यावर गरम पाण्याचा भरवसा धरू नये.

सातपुडापायथा

आम्ही रावेर तालुक्यात केळी लावतो. शेतातल्या घराच्या ओट्यावर आमच्याकडे हवेने फुगवायचा टब काही हिवाळे वापरात आहे, त्यामुळे पाण्याविषयी चार गोष्टी सांगतो.

पाणी कोणते भरणार, यावर टबाचे आयुष्य ठरते. बोअरचे पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असते, आणि ते तापले की क्षार हीटरच्या कॉइलवर बसतात. ठिबकच्या तोट्या जशा क्षारांनी बंद होतात, तसेच हे आहे. टबाच्या पाण्यातला कॅल्शियमचा जडपणा लिटरला १५० ते २५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा असे मानतात. बोअरचे पाणी आधी तपासून घ्या. आकडा फार वर असेल तर नळाचे पाणी साठवून भरा. मात्र ठिबकला आपण जसे आम्ल सोडतो तसे टबात मनाने काही करू नका, कारण आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो.

दुसरी गोष्ट उनपदेवविषयी, कारण पुष्कळ जण तीच कल्पना मनात धरून टब घेतात. झऱ्याचे पाणी अखंड वाहते, माणसाने आणलेली घाण त्याच्याबरोबर निघून जाते. टबात तेच पाणी आठवडेच्या आठवडे राहते आणि त्याचे तापमान जंतूंच्या वाढीला अगदी अनुकूल असते. म्हणून मुक्त क्लोरीन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) ७.२ ते ७.८ असे राखावे लागते, आणि ते टबात बसण्यापूर्वी दर वेळी पाणी तपासण्याच्या पट्टीने पाहावे लागते. पोहण्याच्या तलावात टाकतात त्या मोठ्या गोळ्या टबात टाकू नयेत. त्यांनी पाणी आम्लधर्मी होते आणि त्या विरघळताना कवचावर डाग पडतात. गाळणी दर आठवड्याला धुवावी. हे काम कंपनी करून देणार नाही, ते घरच्यालाच करावे लागते. पाणी तपासण्याचा आळस करणारे घर असेल तर टब घेऊच नये, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात आमचा टब आम्ही रिकामा करून, पुसून, सावलीत गुंडाळून ठेवतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात झाकून ठेवलेले पाणी आपोआपच नको इतके तापते. अ‍ॅक्रिलिकचा टब उचलून ठेवता येत नाही, म्हणून त्यावर पत्र्याची किंवा शेडनेटची सावली आधीच करून घ्या.

गिरणाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. गच्ची रद्द केली. परस काळ्या मातीचाच आहे, त्यामुळे मुरुमाचे काम करावे लागेल. मावसभावाकडे परवाना नाही. तो स्वतःच म्हणाला की ठेकेदाराच्या हाताखाली तो मदत करील.

एक शंका आहे. सोलरची टाकी ३०० लिटरची आहे. तिचे पाणी टबात घेता येईल का? आणि गवंडी म्हणतो की विकतचा टब कशाला, मी विटांचे टाके बांधून फरशी बसवून देतो. त्यात कितपत तथ्य आहे?

तारजोड

सोलरचे पाणी अवश्य घ्या, त्यात मोठी बचत आहे. १००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. थंडीत २० अंशांचे पाणी ३८ अंशांवर न्यायचे तर २१ युनिट, आणि ३ किलोवॅटच्या हीटरला ७ तास. त्याऐवजी ७०० लिटर गार पाण्यात सोलरचे ६० अंशांचे ३०० लिटर मिसळले तर पाणी ३२ अंशांवर येते आणि उरलेल्या ६ अंशांना फक्त ७ युनिट पुरतात. गार पाणी आधी भरावे आणि गरम नंतर सोडावे, नाहीतर कवचाला व सांध्यांना इजा होते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून हे युनिट बिलाच्या वरच्या टप्प्यात मोजले जातात हेही लक्षात ठेवा. जाड फोमचे झाकण घेताना काटकसर करू नका, कारण उष्णता सर्वांत जास्त वरूनच जाते.

स्थापत्य_धुळे

विटांचे टाके बांधता येईल, पण मी ते सुचवणार नाही. काळ्या मातीत त्याला भेग जाण्याची शक्यता जास्त, भिंती उष्णता शोषून घेतात, आणि गाळणी-पंप नसेल तर दर वेळी १००० लिटर पाणी सोडून द्यावे लागेल. जेथे नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते, तेथे हे योग्य नाही. पंप बसवायचा झाल्यास शोषणाच्या तोंडावर उंच जाळीचे मान्य झाकण आणि एकाऐवजी दोन तोंडे हवीत. एकाच तोंडाला केस किंवा अंग ओढले जाऊन माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि अमेरिकेत त्यासाठी २००७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ही जोखीम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

उपचार_नंदुरबार

मी भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करते. तुमच्या धाग्यात टबाची सगळी चर्चा झाली, पण वडील टबात उतरणार कसे, हे कोणी विचारले नाही. अशा टबाची भिंत पाऊण ते एक मीटर उंच असते. ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत त्यांना नेमका एवढा पाय उचलून ओलांडणेच अवघड जाते, आणि बाहेर येताना पाय ओला असतो. म्हणून कमी उंचीच्या, न घसरणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना पक्का कठडा हवा. टबाच्या काठाएवढ्या उंचीचा ओटा बांधला तर काठावर बसून पाय आत वळवता येतात, आणि बहुतेक ज्येष्ठांना हीच पद्धत जमते. मात्र पंपाच्या कप्प्याचे झाकण ज्या बाजूला उघडते ती बाजू मोकळी ठेवा. टब अर्धा जमिनीत पुरण्याचा मोह टाळा, कारण पुढे दुरुस्ती करणेच अशक्य होते.

पाणी कधीही ४० अंशांपेक्षा गरम नसावे. त्यांच्या वयाला ३७-३८ अंश आणि एका वेळी १५ मिनिटे पुरेत. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यावर भोवळ येते. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर हे अधिक होते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाण्याची उष्णता त्यांना स्वतःला नीट कळणार नाही, म्हणून ती तापमापकाने पाहा. गुडघा सुजून गरम झालेला असेल त्या दिवशी टब नको. घरात गर्भवती स्त्री किंवा ५ वर्षांखालील मूल असेल तर त्यांनी यात उतरू नये. आणि हेही स्पष्ट सांगते की गरम पाण्याने आखडलेपण व वेदना काही काळ कमी होतात, झीज भरून येत नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम बंद करू नका. टबातून आल्यानंतर अंग सैल असते, तीच व्यायामाची चांगली वेळ.

गिरणाकाठ

ताई, वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारतो. त्यांनी होकार दिला तरच पुढे जाणार आहे. बैठक, ओटा, पायऱ्या आणि सावली आमचा गवंडी करील, वीज परवानाधारक ठेकेदार करील, आणि टब जोडून पहिल्यांदा चालू करण्यापुरते कंपनीचे माणूस बोलावीन. विक्रेत्याने तेवढ्यापुरता वेगळा दर द्यायचे मान्य केले आहे. पाणी तपासण्याचे आणि गाळणी धुण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.

तारजोड

हमीपत्र मात्र आधी वाचून घ्या. काही ठिकाणी वीजजोडणीचा ठेकेदाराने सही केलेला दाखला असल्याशिवाय हमी लागू होत नाही. आणि काम झाल्यावर टब भरलेला, पंप व हीटर चालू, परंतु आत कोणीही नाही अशा स्थितीत आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पाहा. वीज तत्काळ तुटली नाही तर आरसीसीबी बदलेपर्यंत वडिलांना पाण्यात उतरू देऊ नका. त्यानंतर दर महिन्याला हीच चाचणी करत राहा.